धुऊन गेलेला 'न्'

कोनोंगो गावच्या टपाल कचेरीत क्वाकू न्तिम नोकरीला होता. नोकरीला होता म्हणजे कचेरी उघडी असायची आणि न्तिम तिच्यात बसलेला असायचा. टपाल येणंच बंद पडलं होतं. ज्याच्या त्याच्या हातात फोन, पत्र लिहितो कोण? सकाळी कुमासीहून थैली यायची ती इतकी चपटी, की पोस्टमास्तर डुलकी काढताना ती डोक्याखाली घ्यायचे आणि मान अवघडली म्हणून कुरकुरायचे. जेवणं झाली की म्हणायचे, "न्तिम, तू जा बाबा घरी. दोघांनी मिळून माराव्या इतक्या माश्यासुद्धा नाहीत इथे."

अशा माणसाच्या आयुष्यात जोरदार धारेने धुणारं पाण्याचं मशीन आलं.

आलं हॅम्बुर्गहून. न्तिमच्या बायकोचा भाऊ तिकडे असतो. त्याने घर बांधायला काढलं होतं आणि घराच्या भिंती धुवायला म्हणून आधीच मशीन पाठवून दिलं, जुने फ्रिज आणि गाद्या भरलेल्या कंटेनरमधून. घर खिडक्यांच्या वरपर्यंत आलं आणि थांबलं. परदेशातल्या भावांची घरं आमच्याकडे बहुधा तिथेच थांबतात. मशीन राहिलं न्तिमच्या पडवीत, पोत्याखाली झाकलेलं. कोंबड्या त्यावर बसायला लागल्या. शेवटी बायको, अफुआ तिचं नाव, एक दिवस म्हणाली, "त्या मशीनला गंज चढतोय आणि तुम्हालाही. दोघांनाही एकदमच बाहेर काढा."

पहिल्या दिवशी न्तिमने अंगणात मशीन चालू केलं. पेट्रोलचं इंजिन ते, अशी डरकाळी फोडली की शेजारची बकरी दावं तोडून पळाली. हातातला पाइप अजगरासारखा वळवळला. न्तिम घाबरून गोल फिरला, तशी धारही गोल फिरली. कोंबड्यांची अंघोळ झाली, दोरीवरचं लुगडं चिखलात गेलं आणि स्वयंपाकघराच्या दाराचा निळा रंग पार उडून खालचं लाकूड दिसायला लागलं. अफुआ दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "मळ काढा म्हटलं होतं. दार काढा नाही म्हटलं."

पण हळूहळू हात बसला. आगोगोचा फाटा जिथे फुटतो तिथे ओढ्याच्या काठाला न्तिमने गाड्या धुवायला सिमेंटचा उतार बांधून घेतला, दोन पिंप ठेवली, ताडाच्या झावळ्यांचा मांडव घातला आणि एक बाकडं टाकलं. दुपारी टपाल कचेरीतून सुटला की गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून तो तिथे हजर. गाडी धुऊन होईपर्यंत माणसं बाकड्यावर बसणार, शेजारच्या बाईकडून केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा घेणार, राजकारणावर बोलणार. मशीन चालू असलं की कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे ओरडून बोलायचे. मशीन बंद पडलं की एखाद्याचं शेवटचं वाक्य उघडं पडायचं आणि बहुतेक वेळा ते त्याच्या बायकोबद्दल असायचं. न्तिमला हे सगळं फार आवडायचं. टपाल कचेरीत वर्षानुवर्षं त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. इथे सगळा फाटा त्याला मामा म्हणायला लागला.

पण खरं सांगायचं तर हा सगळा डोलारा उभा होता एका माणसावर. क्वासी अडोमाको. कुमासी ते आगोगो मिनीबस चालवायचा. तो पहिल्यांदा न्तिमकडे गाडी घेऊन आला, म्हणून बाकीचे ड्रायव्हर आले. स्टँडवर अडोमाकोचं वजनच तसं. तो ज्या बाईकडे भात खायचा तिच्याकडे रांग लागायची. तो ज्या न्हाव्याकडून उठला तो न्हावी गाव सोडून गेला. न्तिमला हे पक्कं ठाऊक होतं. अडोमाको आहे तोवर उतार आहे, बाकडं आहे, मामा आहे. तो गेला की परत टपाल कचेरीतल्या माश्या.

आता अडोमाकोला कुणी अडोमाको म्हणत नसे. आमच्याकडे ड्रायव्हरचं नाव त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर असतं. जे काही मोठ्या अक्षरांत चिकटवलं असेल ते त्याचं नाव, मग पोलीस असो की सासरा, सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात. अडोमाकोच्या काचेवर पिवळ्या स्टिकरच्या अक्षरांत लिहिलं होतं: न्यामे न्तॉ न्को. न्यामे म्हणजे देव. तॉ न्को म्हणजे डुलकी घेणं. आणि त्या तॉच्या आधी जो एक 'न्' आहे ना, तो म्हणजे 'नाही'. आमच्या बोलीत एवढंसं एक अक्षर पुढे लावलं की काम झालं, वेगळा 'नाही' लागत नाही. देव डुलकी घेत नाही. म्हणून अडोमाको सगळ्या रस्त्यावर 'न्तॉ-न्को'.

ते काचेवर कसं आलं तीही एक गंमत. एकदा पहाटेची फेरी, गाडी खचाखच भरलेली, आणि अडोमाकोचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून कोकोच्या बागेत शिरली, झाडांच्या रांगेमधून बैलगाडीसारखी हलत डुलत गेली आणि वाळवीच्या वारुळाला नाक लावून उभी राहिली. कुणाला खरचटलं नाही. मागे एक कोंबडा तेवढा पिंजऱ्यातून सुटला. गाडीत अडोमाकोचा मेहुणा डान्सो बसलेला होता, तो तेव्हापासून प्रत्येक लग्नाबारशाला ही गोष्ट अभिनयासकट सांगायचा. अडोमाको काय बोलणार? स्टँडजवळच्या पेंटरकडे गेला आणि म्हणाला, लिही. मी झोपलो होतो, तो झोपला नव्हता. डान्सोचं तोंड त्या पिवळ्या अक्षरांनी बंद झालं. निदान अर्धं तरी.

मग डान्सोचे वडील, म्हणजे अडोमाकोचे सासरे, वारले. आगोगोला शनिवारी मोठं अंत्यकार्य ठरलं. जावयाला अशा वेळी कसं जावं लागतं ते सांगायला नको. वाजतगाजत, भेटी डोक्यावर घेतलेल्या बायका पुढे आणि आपली माणसं भरलेली गाडी मागे. शुक्रवारी दुपारी अडोमाको गाडी घेऊन उतारावर आला. खालून वर काचेपर्यंत तांबडी माती.

"मामा, आरसा करा," तो म्हणाला. "उद्या सगळं सासर बघणार आहे. डान्सोला तिच्यात त्याचं तोंड दिसलं पाहिजे."

"दिसेल. आणि नाही दिसलं तर बरं, ते तोंड बघून काय करायचं?"

अडोमाको खदखदून हसला आणि केंकीवालीकडे गेला. न्तिमने पाइपच्या तोंडाला फिरकी बसवली. ही फिरकी लावली की धार गोल गोल फिरत येते आणि सुरीसारखी लागते. चाकांच्या आत वाळलेला चिखल तिच्याशिवाय निघत नाही. चाकं झाली, बाजू झाल्या. फिरकी काढून साधं तोंड लावायचं आणि मग काच, हा त्याचा रोजचा रिवाज. पण मागच्या काचेवर, अगदी अक्षरांच्या मध्ये, एका पाखराने असा काही वाळलेला आहेर करून ठेवला होता की न्तिमला वाटलं, एवढा एकच डाग, फिरकीनेच उडवतो. चुटकीचं काम.

अडोमाकोचा कंडक्टर बाकड्यावरून उठून हात हलवत काहीतरी ओरडला. मशीनपुढे काय ऐकू येणार! न्तिमला वाटलं, छान चाललंय म्हणतोय. त्यानेही हात हलवला.

डाग गेला. काच झळझळली. मशीन बंद झालं, अडोमाको मासा चघळत आला, गाडीभोवती फिरला, पुढच्या काचेत स्वतःचे दात बघितले. त्याला मागे जाऊन बघायची गरज काय? मागे काय लिहिलंय ते त्याला पाठ. "मामा, तुम्ही माणूस नाही," तो म्हणाला, "तुम्ही साबण आहात." आणि निघाला.

गाडी फाट्यावर वळली तेव्हा न्तिमने मागची काच पाहिली. न्यामे. मग थोडी मोकळी जागा. मग तॉ न्को.

त्याने एकदा वाचलं. मग टपाल कचेरीतल्या सवयीने ओठ हलवत पुन्हा वाचलं. देव डुलकी घेतो.

"अहो!" तो ओरडला. "अहो, न्तॉ-न्को! थांबा!"

"मी तेच सांगत होतो मघाशी," कंडक्टर दारात लोंबकळत दुरून ओरडला, पण तो नेमकं काय सांगत होता ते वाऱ्यावर गेलं, आणि गाडी दिसेनाशी झाली. पुढे कळलं, त्याला साबण जास्त लागतोय असं म्हणायचं होतं.

'न्' सापडला. न्तिमच्या डाव्या बुटाला, पोटरीशी चिकटलेला, ओला, पिवळा. न्तिम तो हातात धरून फटफटीवर बसला आणि स्टँडवर गेला. गाडी गेलेली. फोन लावला, बंद. पेंटरकडे गेला, तर तो मानेपर्यंत रंगात, चार अंत्यकार्यांचे फलक लिहीत बसलेला, वर न बघता म्हणाला, "मामा, या आठवड्यात जिवंत माणसांचं काम घेत नाही."

घरी अफुआने अक्षर उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढंसं तर आहे," ती म्हणाली.

"एवढंसं नाही गं. तेच तर सगळं होतं."

शनिवारी सकाळी न्तिम काळं वस्त्र खांद्यावरून घेऊन, 'न्' टपालाच्या एका पाकिटात जपून ठेवून, आगोगोला गेला. त्याचा बेत साधा होता. गर्दी, ढोल, रडारड चालू असेल. गाडी कुठेतरी उभी असेल. गुपचूप मागे जायचं, अक्षर जागेवर बसवायचं, मग पुढे येऊन सगळ्यांशी हात मिळवायचा. कुणाला काही कळणार नाही.

गाडी सहज सापडली, कारण तिच्याएवढी चकचकीत गाडी तिथे दुसरी नव्हती. मांडवाच्या तोंडाशीच उभी, मागची बाजू लोकांकडे. न्तिमने इकडेतिकडे पाहिलं आणि अक्षर काचेला लावलं. ते खाली घसरलं. डिंक पाण्याबरोबर कालच गेला होता. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. शेजारी एक बाई केंकी विकत होती. न्तिमने एक घेतली, चिमूटभर पीठ मळून मऊ केलं, अक्षराच्या पाठीला फासलं आणि काचेवर दाबून धरलं. चिकटलं! तळहात काचेवर ठेवून, जणू गाडीला टेकून उभा आहे अशा थाटात, तो वाळायची वाट पाहायला लागला.

तेवढ्यात भोंगा खरखरला. अंत्यकार्यात आमच्याकडे एक निवेदक असतोच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोण आलं, कोणी काय दिलं ते सगळ्या गावाला ऐकवणारा. त्याच्या हातात कुणीतरी चिठ्ठी दिली आणि त्याने ती जशी होती तशी, खड्या आवाजात वाचली:

"विनंती! 'देव डुलकी घेतो' या गाडीच्या मालकाने आपली गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी. शवपेटीची गाडी अडली आहे. पुन्हा सांगतो, 'देव डुलकी घेतो'!"

ढोल थांबले. मग मांडवाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी फुसकन हसलं आणि ते हसू वाऱ्यावर पेटलेल्या गवतासारखं रांगारांगांतून पसरत गेलं. काळ्या-तांबड्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या पदराआड तोंड लपवून हसत होत्या. एवढं सगळं होऊनही निवेदकाला आपण काय वाचलं ते कळलं नव्हतं. त्याने तिसऱ्यांदा वाचलं.

अडोमाको धावत आला. आधी त्याने निवेदकाकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग गाडीला टेकलेल्या न्तिमकडे.

"मामा? तुम्ही इथे? हात काढा, गाडी घ्यायची आहे."

"घेऊ या," न्तिम म्हणाला. "जरा वाळू दे."

"काय वाळू दे?"

"घाई करू नका."

"अहो, प्रेत खोळंबलंय! हात काढा!"

न्तिमने हात काढला. अक्षर हाताबरोबर आलं. काचेवर राहिला केंकीचा पांढरा गोळा आणि न्तिमच्या तळहातावर पिवळा 'न्'. तो हात त्याला कुठे ठेवावा कळेना. खाली केला, वर केला, शेवटी नमस्कारासाठी उचलल्यासारखा तसाच राहिला.

डान्सो पुढे आला. वडील गेलेले, डोळे सुजलेले, पण संधी सोडणारा माणूस नव्हता. "दाजी," तो म्हणाला, "त्या वेळी तुम्ही झोपलात आणि म्हणालात, देव जागा होता. आमचे बाबा गेले तेव्हा कोण जागं होतं मग? की दोघांनी मिळूनच ताणून दिली?"

अडोमाकोला बोलता यायचं, सगळ्या स्टँडला तो पुरून उरायचा. पण या वेळी तो गाडीत बसला, गाडी बाजूला घेतली आणि काच वर करून आतच बसून राहिला. न्तिमने काचेवर बोटाने टकटक केलं. अडोमाको समोर बघत होता.

पुढच्या आठवड्यात न्तिम रीतीप्रमाणे माफी मागायला गेला. आपल्या घराण्यातले वडीलधारे नाना ओपोंग यांना बरोबर घेतलं, दारूची बाटली घेतली. नाना म्हणाले, "आमच्या पोराच्या हातून घडलं. मुद्दाम नाही घडलं." अडोमाकोने बाटली घेतली, पितरांसाठी दोन थेंब जमिनीवर सांडले, रीत पाळली.

"झालं गेलं," तो म्हणाला. "पण नाना, यांचं नाव कधी नीट ऐकलंत? न्तिम. तिम म्हणजे पक्कं बसणं. पुढे 'न्' आहे. म्हणजे पक्कं बसत नाही! माणसाच्या नावातच लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही."

नाना हसले. न्तिमही हसला, कारण हसायचीच जागा होती ती. पण अडोमाकोने त्याला त्या दिवशी एकदाही मामा म्हटलं नाही, आणि ते न्तिमच्या ध्यानात आलं.

पेंटरने नवा 'न्' कापून दिला. लावला. पण बाकीची अक्षरं उन्हाने फिकी पडून हळदीच्या जुन्या डागासारखी झालेली, आणि हा नवा 'न्' आंब्यासारखा पिवळाधमक. लांबून आधी तोच दिसायचा. स्टँडवरची पोरंसोरं म्हणायची, "देव डुलकी घेत नाही म्हणे! पण हे 'नाही' कालचंच आहे हं!" आणि नाव तर बदललंच. कुणी ठरवून बदललं नाही. 'न्तॉ-न्को' म्हणायला जावं आणि जिभेने 'तॉ-न्को' म्हणावं, असं होऊन बसलं. तॉ-न्को आला. तॉ-न्को, कुमासीला जागा आहे का? एक म्हातारी तर चढलेली गाडीतून खाली उतरली, म्हणाली, "मी पुढच्या गाडीने जाते बाबा, माझं वय झालंय."

अडोमाको भांडला असता, शिवीगाळ केली असती, तर न्तिमला परवडलं असतं. त्याने तसलं काही केलं नाही. त्याने फक्त गाडी रस्त्याच्या पलीकडे नेली. पलीकडे येबोआ नावाच्या माणसाने नवा उतार काढला होता, फेसाचं मशीन लावलेलं, बाहुलीच्या अंघोळीसारखा पांढरा फेस. अडोमाको तिकडे गेला आणि त्याच्या मागे एकेक करून सगळे. रागाने नव्हे. काही जण तर रस्ता ओलांडताना न्तिमला हात करायचे. "मामा, वाईट वाटून घेऊ नका," एक जण म्हणाला. "माझ्या काचेवर आईचं नाव आहे. त्यातलं एखादं अक्षर गेलं तर आमच्या घरी काय होईल ते तुम्हाला माहीत नाही."

न्तिमने काय काय केलं नाही! फिरकी ओढ्यात फेकून दिली. ज्या दोन-चार जणांनी येणं सोडलं नव्हतं त्यांची मागची काच तो सोडूनच द्यायला लागला. परिणाम असा की सगळी गाडी लखलखीत आणि मागे चिखलाचा चौकोन. स्टँडवर असा चौकोन दिसला की लोक ओळखायचे, "ही मामाकडची." ड्रायव्हरांना ती चेष्टा सहन होईना, तेही गेले. न्तिम एकदा येबोआच्या उतारापर्यंत जाऊन आला, अडोमाकोशी बोलावं म्हणून. गाडी फेसात बुडालेली होती, अडोमाको त्यांच्या बाकड्यावर बसून काहीतरी रंगवून सांगत होता आणि माणसं हसत होती. न्तिम रस्त्याच्या मध्यावर थांबला. ट्रकने भोंगा वाजवला. तो परत फिरला.

बाकडं रिकामं झाल्यावर केंकीवालीने आपलं पातेलं उचललं. "राग नको मामा," ती म्हणाली, "माश्या काही केंकी विकत घेत नाहीत." दुसऱ्या दिवशी तीही पलीकडे दिसली.

अफुआ म्हणाली, "मशीन विकून टाका." न्तिम म्हणाला, "बघू." तो दुपारी टपाल कचेरीतून सुटायचा, बूट घालायचा, मशीनची दोरी ओढायचा, इंजिन चालू आहे का बघायचा आणि बंद करायचा. पलीकडून कुणी ओरडायचं, "मामा, देव उठला का?" तोही हात हलवायचा.

मग एक दिवस सेरवामावशी टेम्पोभर प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आली. अंत्यकार्यांना खुर्च्या आणि मांडव भाड्याने देण्याचा तिचा धंदा. शनिवारचं उरकलं होतं, खुर्च्यांवर चिखल, सूप, सांडलेली दारू. पलीकडे येबोआ खुर्च्या घेत नाही, म्हणून ती इकडे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर तिच्या नावाची दोन लाल अक्षरं रंगवलेली, चोरीला जाऊ नयेत म्हणून.

न्तिमने मशीन चालू केलं. पहिली खुर्ची उभी केली, पाय धुतले, बैठक धुतली. पाठीपाशी आला आणि थांबला. मग मांडवात पडलेली एक रबरी सपात उचलली, ती अक्षरांवर दाबून धरली आणि सपातेच्या भोवतीने, लांबून, जपून जपून धार फिरवायला लागला. एक हात पाइपला, एक हात सपातेला, खुर्ची घसरून पुढे पुढे जाणारी आणि न्तिम एका पायाने तिला अडवणारा.

सेरवामावशी जवळ येऊन काहीतरी ओरडली. त्याने मशीन बंद केलं.

"अरे, सपात काढ की! ती अक्षरं जाऊ देत. जुनी झालीत, मी नवी रंगवून घेणार आहे. त्यासाठीच तर तुझ्याकडे आणल्यात, तुझ्याकडे अक्षरं जातात म्हणून!"

"हो का?" न्तिम म्हणाला.

"हो! घाल जोरात."

त्याने मान हलवली. मशीनची दोरी ओढली, इंजिन डरकाळलं. त्याने सपात खाली ठेवली, धार पाठीवर नेली, लाल अक्षराच्या काठाशी आणली. मग त्याने खाली वाकून सपात पुन्हा उचलली.

सेरवामावशी ओरडत होती. तिचे हात हलताना दिसत होते. ऐकू काही येत नव्हतं.